ग्रीक देवींची चिन्हं मातीत : बोटांनी पाहायच्या चकत्या (कामाच्या नोंदी)

९ जून

दृष्टिहीन मुलांच्या एका शाळेसाठी ग्रीक देवींच्या चिन्हांच्या उठावातल्या, भाजून पक्क्या केलेल्या मातीच्या चकत्या करायच्या आहेत. तिथे इतिहास शिकवणाऱ्या बाई स्वतःही दृष्टिहीन आहेत. त्या म्हणाल्या, "अथीनाचं घुबड, हेराचा मोर, हे मुलांना तोंडपाठ आहे हो. पण ते घुबड बसलंय कसं, बघतंय कुठे, असं कुणी विचारलं की माझ्याकडे हातात द्यायला काही नसतं."

ठरलेलं माप : व्यास ९ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी टेकतात. उठाव निदान ३ मिलिमीटर. प्रत्येक चिन्हाच्या सहा प्रती.

एक नियम आधीच घालून घेतला. 'देवी आणि तिचं चिन्ह' असे तक्ते नेटवर ढिगाने सापडतात, त्यांवरून काही कोरायचं नाही. प्रत्येक चकतीमागे एखादी खरी वस्तू हवी : अमुक गावचं नाणं, अमुक देवळातली मूर्ती किंवा वेदी. नुसतं 'घुबड' कसंही काढता येतं. अथेन्सच्या नाण्यावरच्या घुबडाची बसण्याची तऱ्हा मात्र ठरलेली आहे, आणि मुलांना तीच द्यायची आहे. हेच काम करू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच राहील, कारण पुढे अडलेल्या बहुतेक गाठी याच नियमामुळे सुटल्या.

१५ जून

हाताने एकेक घडवली तर सहा प्रती सहा तऱ्हेच्या होतात. म्हणून साचा : प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सपाट ठोकळ्यात चिन्ह खोल आणि उलटं कोरायचं, त्यात माती दाबायची. नाण्यांचे ठसे कोरणारे ग्रीक कारागीरही असंच उलटं, खोलात कोरत. त्यांना मात्र जेमतेम अडीच सेंटिमीटर जागा मिळे आणि ती धातूत.

प्रमाण : १ किलो प्लास्टरला ७०० मिलिलिटर पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, वरून पाणी ओतायचं नाही. दोनेक मिनिटं भिजू द्यायचं आणि हात पाण्याखालीच ठेवून हळू ढवळायचं. डब्याच्या प्लास्टिक झाकणांना आतून साबणाचं पाणी लावून त्यांतच ठोकळे ओतले.

पहिला घाणा वाया गेला. घाईने ढवळल्यामुळे आत बुडबुडे राहिले, आणि कोरताना फुटलेला प्रत्येक बुडबुडा मातीवर बारीक पुळी म्हणून उमटतो. डोळ्यांना ती पुळी दिसतही नाही. बोटांना ती आधी लागते, आणि बोटं ती चित्राचाच भाग समजतात. असा ठोकळा बुजवत बसू नका, टाकून द्या. बुजवलेली जागा कोरताना वेगळी तुटते.

प्लास्टर घट्ट झालं पण ओलसर आहे, तेव्हाच कोरावं. पूर्ण वाळलं की कंगोरे टवके होऊन उडतात. हत्यारं : दातांच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या जुन्या आकड्या, लिनोकटची बारीक व्ही-कोरणी, आणि गोल टोकाची एक सळई.

२३ जून : अथीनाचं घुबड

वस्तू : अथेन्सचं चार द्राख्माचं चांदीचं नाणं, इसवी सनपूर्व पाचवं शतक, वजन सुमारे १७.२ ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड. ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही हेच घुबड आहे.

अंग उजवीकडे वळलेलं, पण तोंड सरळ आपल्याकडे. मागे वरच्या कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी आणि छोटी चंद्रकोर, पुढे आल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरं. पक्षी कोणता, यात शंका नाही. चपटं डोकं, रागीट भुवया, आखूड शेपूट. आपला पिंगळा याच्याच प्रजातीतला, आणि त्या प्रजातीचं शास्त्रीय नावच 'अथीनी' आहे. आमच्या गल्लीतल्या चिंचेवर पिंगळ्यांची जोडी असते. त्यांच्याकडे बघून पायांची जागा नक्की केली. फोटोवरून कोरलेले पाय पक्ष्याच्या फार मागे पडले होते.

पिसांसाठी आधी बारीक रेघा मारल्या. मग जुन्या नाण्यांचे मोठे केलेले फोटो नीट पाहिले, तर छातीवर रेघा नाहीत, ठिपके आहेत. गोल टोकाची सळई एका जागी टेकवून फिरवली की खळगा पडतो आणि मातीत त्याचा मोती उमटतो. रेघा खरवडून काढल्या आणि ठिपके केले.

३० जून

बाईंच्या हातात पहिला ओला ठसा दिला. त्यांचा अंगठा सरळ डोळ्यांवर गेला. "समोर बघतंय." मग छातीवरचे ठिपके, मग खाली. "अंग मात्र वळवलेलं आहे. हे कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं."

कोपऱ्यात घोटाळा झाला. डहाळी आणि चंद्रकोर मूळ नाण्यावर अगदी खेटून आहेत. बोटाला दोन्ही मिळून एकच फांदी लागली. चंद्रकोर ३ मिलिमीटर घुबडाकडे सरकवली, डहाळीची पानं एक पातळी खाली घेतली. मूळापासून हा फरक केला आहे असं सोबतच्या पट्टीवर लिहिणार आहे. हातात येणारी गोष्ट हुबेहूब आहे असं मुलांना वाटलं आणि ती तशी नसली, तर ते बरोबर होणार नाही.

६ जुलै : हेराचा मोर बाद

मोर कोरायला घेतला आणि सोडला. पिसाऱ्यातले डोळे बोटांना नुसती खरखर लागतात, हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे नियम. मोर हेराच्या कोणत्या वस्तूवर, हे शोधायला बसले. मोर मुळात आपल्याकडचा पक्षी. ग्रीकांकडे तो पूर्वेकडून उशिरा पोचला, आणि इसवी सनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्समध्येही मोर पाळणं ही नवलाई होती. सामोस बेटावरच्या हेराच्या देवळात मोर असत, आणि आर्गोसजवळच्या हेराच्या देवळात रोमन सम्राट हेड्रियनने सोन्याचा आणि चकाकत्या खड्यांचा मोर वाहिला. पण ते इसवी सनाचं दुसरं शतक. प्राचीन ग्रीक कवी होमरची हेरा 'गायीच्या डोळ्यांची' आहे, मोराची नाही.

त्याच आर्गोसच्या देवळातली मुख्य मूर्ती शिल्पकार पॉलिक्लायटसने सोनं आणि हस्तिदंतात घडवली होती. प्रवासी लेखक पॉसेनियसने ती पाहून लिहिलं आहे : एका हातात डाळिंब, दुसऱ्या हातात राजदंड, राजदंडावर कोकीळ. कोकिळेची कथा तो सांगतो (हेरा कुमारी असताना झ्यूस या देवांच्या राजाने तिच्यासाठी हे रूप घेतलं होतं), पण डाळिंबाबद्दल बोलायला नकार देतो, कारण ती गुप्त राखायची गोष्ट आहे. हे वाचलं आणि चकतीवर डाळिंबच घ्यायचं ठरवलं. सर्वात वजनदार चिन्ह ते, आणि त्याचंच कारण सांगायचं नाही.

डाळिंब म्हटलं की लोक पाताळाची राणी पर्सेफनीचं नाव घेतात, तेही खरं आहे. शिवाय अथेन्सच्या अक्रॉपोलिस टेकडीवरच्या अथीना नाइकीच्या (विजयाच्या रूपातल्या अथीनाच्या) मूर्तीच्या एका हातात शिरस्त्राण आणि दुसऱ्या हातात डाळिंब होतं. आजच्या तुर्कस्तानातल्या सीडी या गावच्या नाण्यांवर डाळिंब आणि अथीना दोन्ही आहेत. म्हणजे एकच फळ तीन देवींकडे. पट्टीवर मी 'हेरा, आर्गोस' असं गावासकट लिहिणार आहे.

१० जुलै

फळाचा आकार मंडईतल्या डाळिंबावरून घेतला, पण देठाच्या विरुद्ध टोकाच्या मुकुटाने रडवलं. मुकुटाच्या पाकळ्या मी आत वळणाऱ्या कोरल्या होत्या. माती साच्यात बसली, निघताना पाकळ्या आतच राहिल्या. आत वळणारी बाजू साच्यात चालत नाही, ती बाहेरच्या बाजूला उतरती हवी. सगळ्या कडा साधारण ७० अंशांच्या उताराला आणल्या, मग सुटलं. बाईंनी मुकुटावर बोट ठेवून लगेच ओळखलं. त्यांच्या मुलाला डाळिंब सोलून द्यायचं काम रोजचंच आहे.

१४ जुलै : डिमीटरची ओंबी

वस्तू : दक्षिण इटलीतल्या मेटापोंटम या ग्रीक वसाहतीची चांदीची नाणी, इसवी सनपूर्व सहाव्या शतकापासूनची. त्यांवर जवाची ओंबी. बहुतेक तक्त्यांत डिमीटर या धान्याच्या देवीपुढे 'गहू' लिहिलेला असतो, पण या नाण्यांवर लांब कुसळांचा जव आहे. पुढच्या काळात त्याच गावाने एका बाजूला डिमीटरचं मस्तक आणि दुसऱ्या बाजूला ओंबी ठेवली.

दाणे उत्तम उमटले. कुसळं वाळताना मोडली. एक मिलिमीटरची सुटी रेघ मातीत टिकत नाही. उपाय : प्रत्येक कुसळाची बैठक रुंद करून ती पाठीवर उतरती केली. आता ती टोकाला टोचतात आणि खाली रुंद होतात. टोचणं मला हवंच होतं.

जुन्या मेटापोंटम नाण्यांची एक खास रीत आहे : पुढे ओंबी उठावात, मागे तीच ओंबी खोलात. मुलांना एका चिमटीत दोन्ही कळावं म्हणून तसंच करायचा प्रयत्न केला. मागे दाबायला उठावाचा दुसरा साचा केला, पण दोन्ही साचे नेमके समोरासमोर बसेनात. जिथे थोडे सरकले तिथे माती २ मिलिमीटरवर आली आणि तडकली. या उद्योगात एक आठवडा गेला. शेवटी दोन वेगळ्या चकत्या केल्या, एक उठावाची आणि एक खोलाची. खोलातली ओंबी बोटाने वाचायला फार वेळ लागतो. मुलांना दोन्ही एकापाठोपाठ द्यायच्या, उठावाची आधी.

२१ जुलै : एल्युसिसचं डुकराचं पिल्लू

हे तक्त्यांत जवळपास कुठेच नसतं, म्हणून मला हवंच होतं. डिमीटर आणि पर्सेफनीच्या गुप्त दीक्षेचं गाव एल्युसिस. तिथल्या इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या कांशाच्या नाण्यांवर एका बाजूला पंखांच्या, सर्पांनी ओढलेल्या रथातला ट्रिप्टोलेमस (डिमीटरकडून शेती शिकलेला वीर) आणि दुसऱ्या बाजूला डुक्कर, खाली दीक्षितांनी हातात धरायची डहाळ्यांची जुडी. दीक्षा घेणारा प्रत्येक जण स्वतःचं पिल्लू घेऊन समुद्रावर जाई, ते धूत असे आणि मग बळी देई. बंदरात पिल्लू धुणाऱ्या एका माणसाला समुद्रातल्या हिंस्र जलचराने धरलं, अशी हकीकत ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने अथेन्सचा सेनापती फोकिऑन याच्या चरित्रात दिली आहे. वर्गात हे सांगितल्यावर ती चकती कुणी खाली ठेवेना, असं बाई म्हणाल्या.

कामात अडचण आली नाही. जाड अंग, चार पाय, सुळका कान.

२४ जुलै : पाऊस

साचे वाळत नाहीत. प्लास्टर मातीतलं पाणी ओढून घेतं, माती किंचित आकसते आणि आपोआप सुटते, सगळं त्यावर चालतं. साचाच ओला असेल तर माती चिकटून बसते. गॅसजवळ ठेवून साचा वाळवायचा मोह आवरा. फार तापवलेलं प्लास्टर कमकुवत होऊन भुसभुशीत होतं. पंख्याखाली, दोन लाकडी पट्ट्यांवर उभे ठेवले. माती दाबायच्या आधी साच्यात अगदी हलकी टाल्कम पावडर झटकली की सुटायला मदत होते. जास्त झाली तर ठिपके बुजतात.

चकत्या वर्तमानपत्रावर ठेवल्या होत्या, त्यांना बुरशी आली आणि कडा वर वळल्या. आता दोन प्लास्टरच्या फळ्यांमध्ये, रोज बाजू बदलून. वेळ दुप्पट लागतो, चकत्या सपाट राहतात.

२ ऑगस्ट : आर्टेमिसची मधमाशी

धनुष्य, हरिण, चंद्र हे सोडून मधमाशी घेतली, कारण एफिससच्या (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन ग्रीक शहर) चार द्राख्माच्या नाण्यांवर तीच आहे : वरून पाहिलेली, पंख पसरलेली, दोन्ही बाजूंना गावाची आद्याक्षरं. दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेल्या हरणाचा पुढचा अर्धा भाग आणि ताडाचं झाड. एफिससची आर्टेमिस ही शिकारी मुलगी नव्हे, ती त्या शहराची पालक देवी. तिचं देऊळ प्राचीन काळच्या सात आश्चर्यांपैकी एक मानलं जाई.

मुलांनी ती फूल म्हणून वाचली. पंख आणि पोट एकाच उंचीवर असल्यामुळे पाकळ्यांचा भास झाला. पोट २ मिलिमीटर वर आणलं, त्यावर आडव्या कड्या ठळक केल्या, पंख खाली आणि गुळगुळीत ठेवले. दुसऱ्यांदा दिल्यावर एका मुलाने पोटाच्या कड्या मोजल्या आणि "डंख कुठेय?" असं विचारलं. टोकाला डंख आता आणखी स्पष्ट केला आहे.

९ ऑगस्ट : भट्टी

कुंभारकाकांच्या भट्टीत पहिली खेप. बहुतेक चकत्या ठीक आल्या. फुटला तो पॅफॉसचा दगड, आणि उडताना त्याने शेजारच्या दोन ओंब्या नेल्या.

पॅफॉस म्हणजे सायप्रस बेटावरचं अफ्रोडाइटचं मुख्य स्थान. तिथे पूजा सुंदर स्त्रीमूर्तीची नव्हती. खाली रुंद आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या दगडाची होती. रोमन इतिहासकार टॅसिटसने तसं वर्णन केलं आहे, आणि रोमन काळातल्या सायप्रसच्या नाण्यांवर देवळाच्या मधोमध तो दगड दिसतो. आपल्याकडे देवीचा तांदळा असतो, तसंच. तिथे सापडलेला काळा दगड कूक्लियाच्या संग्रहालयात आहे. प्रेमाची देवी म्हणजे गुलाब आणि कबूतर एवढंच ऐकलेल्या मुलांच्या हातात हा दगड पडावा, अशी माझी फार इच्छा होती. म्हणून तो चकतीवर उभा केला होता, सहा सेंटिमीटर उंच आणि भरीव.

"भरीव ठेवलंत ना, ताई," काकांनी तुकडे चाळत विचारलं. "आतलं पाणी वाफ होऊन जाणार कुठून?" आता तळातून तारेच्या वेढ्याने माती काढून तो पोकळ केला, भिंत एक सेंटिमीटर, खाली भोक. चकत्यांनाही मागून खरवडून सगळीकडे ८ ते १० मिलिमीटर अशी एकसारखी जाडी ठेवली. शिवाय भट्टीआधी चकती गालाला लावून बघायची. थंड लागली तर आत ओल आहे, अजून थांबायचं.

१७ ऑगस्ट : ब्रेल

मागच्या बाजूला ब्रेलमध्ये देवीचं आणि गावाचं नाव टोचलं होतं. भाजल्यावर बाईंना वाचता येईना. ब्रेलच्या एका घरातल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर अडीच मिलिमीटर असतं. माती वाळताना आणि भाजताना सुमारे दहा टक्के आकसली (९ सेंटिमीटरची चकती ८.१ झाली), आणि ठिपके तेवढेच जवळ आले. थोडं मोठं टोचून भरपाई करता येईल असं वाटलं, पण प्रत्येक घाण्यात आकसणं थोडं वेगळं. आता शाळेतल्या ब्रेल पाटीवर जाड कागदाच्या पट्ट्या काढून मागे चिकटवते. फाटली की नवी लावता येते.

२५ ऑगस्ट : हेस्तिया

चुलीची, घराच्या अग्नीची देवी. हिच्या चिन्हाबद्दल खूप शोधलं. हर्मिओनी गावातल्या तिच्या देवळाबद्दल पॉसेनियस लिहितो की आत मूर्ती नाही, फक्त वेदी आहे. मग तेच केलं : रिकामी चकती आणि मध्ये साधी चौकोनी वेदी. नक्षी नाही, ज्वाळाही नाहीत.

७ सप्टेंबर : हिशेब

प्लास्टर १० किलो ४०० रुपये, भाजणीची माती २० किलो ७०० रुपये, हत्यारं ६५० रुपये, भट्टीच्या दोन खेपा १,५०० रुपये. एकूण ३,२५०. वेळ सगळ्यात जास्त गेला तो दुहेरी ओंबीत आणि पावसात. हेच काम फेब्रुवारीत सुरू केलं तर निम्म्या वेळात होईल.

साच्यांची झीज : ठिपके आणि पिल्लाचा कान आधी बोथट होतात. म्हणून प्रत्येक साच्यातून निघालेला पहिला चांगला ठसा भाजून वेगळा ठेवा. त्यावरून नवा साचा ओतता येतो, फक्त आकसल्यामुळे तो थोडा लहान येतो.

१४ सप्टेंबर : दुसरं घुबड

बाईंनी सुचवलं की एखादी वस्तू इकडची हवी. आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या पाली बौद्ध ग्रंथातला राजा मिलिंद, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करत होता. त्याच्या नाण्यांवर वज्र फेकणारी अथीना नेहमी दिसते. ती आधी कोरून पाहिली. ढाल, वज्र, वस्त्राच्या चुण्या, सगळं एकमेकांत गुंतलं आणि बोटांना काही लागेना. मग त्याच्याच काही चांदीच्या द्राख्मांवर नुसतं घुबड आहे, ते घेतलं. भोवती खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस', म्हणजे तारणहार महाराज मिनँडर याचं.

खरोष्ठी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे साच्यात उलटं कोरताना ती डावीकडून उजवीकडे आली आणि हात एरवीपेक्षा सहज चालला. अक्षरं ४ मिलिमीटरची आहेत, बोटांनी ओळखू येत नाहीत. ती काढून टाकावीत का, असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या. इथे काहीतरी लिहिलंय, एवढं तरी त्यांना कळू दे. काय लिहिलंय ते मी सांगीन."

मुलांनी दोन्ही घुबडं शेजारी ठेवून पाहिली. पिंगळ्याचं अंग दोन्हीकडे उजवीकडे वळलेलं, तोंड दोन्हीकडे समोर. एका मुलीने अथेन्सच्या घुबडामागची डहाळी शोधली, मग मिनँडरच्या घुबडामागे बोट फिरवलं आणि "इथे ऑलिव्ह नाही का?" असं विचारलं. या साच्याच्या अजून चार प्रती दाबायच्या आहेत, आणि पट्टीवर दोन्ही ठिकाणांमधलं अंतरही घालायचं आहे.